गाडीने गावी निघताय? जीव घेणारे अपघात नेमके कशाने होतात आणि आपण काय करायचं

दिवाळी आली, गणपती आले, मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्यातून गाड्याच्या गाड्या निघतात, कोणी समृद्धीने विदर्भात, कोणी कोकणात, कोणी सातारा-कोल्हापूरकडे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली बातमी असतेच, भरधाव कारची उभ्या ट्रकला मागून धडक, इतके ठार इतके गंभीर. मग चर्चा पण ठरलेली, रस्ताच शापित आहे, ड्रायव्हर पिऊन असणार, पोरगं नवशिकं होतं. अशा बातम्या जरा नीट, वेळ-ठिकाण-कोण कुठे बसलं होतं हे बघत वाचल्या ना तर एक गोष्ट दिसते. बंपर घासणारे, आरसा मोडणारे अपघात वेगळ्या कारणांनी होतात आणि माणूस मारणारे वेगळ्या. पहिले होतात गर्दीत, घाईत, गाडी चालवायचं कसब कमी असल्याने. दुसरे बऱ्याचदा मोकळ्या रस्त्यावर, चांगला हात बसलेल्या माणसाकडून होतात, आणि त्यातलं अर्धंअधिक किल्ली फिरवायच्या आधीच घरी ठरलेलं असतं. म्हणून हे सगळं निघायच्या आधीपासून सांगतोय.

आधी मोठा आकडा देतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यात महाराष्ट्रातली १५ हजारांच्या वर. सरकारी अहवालात साधारण ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. खोटं नाहीये ते, पण नुसता वेग क्वचित मारतो. वेग अधिक झोप, वेग अधिक अंधारातला उभा ट्रक, वेग अधिक न लावलेला बेल्ट, अशी जोडी जमली की मग माणूस जातो.

निघायची वेळ, सगळ्यात महत्त्वाचं हेच

"रात्रीचं निघू, ट्रॅफिक नसतं, पोरं झोपतील, पहाटे चहाला घरी." हा प्लॅन घराघरात होतो आणि माझ्या मते याच्याइतका धोकादायक प्लॅन दुसरा नाही. दिवसभर ऑफिस केलेलं, संध्याकाळी बॅगा भरल्या, नऊला पोटभर जेवण आणि अकराला स्टिअरिंगवर. मध्यरात्र उलटली की, त्यातही दोन ते पाचच्या मधे, शरीर झोप मागतंच, तुम्ही कितीही पट्टीचे ड्रायव्हर असा.

मोठ्या अपघातांच्या वेळा बघा जरा. समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ ट्रॅव्हल्सची बस उलटून पेटली, २५ जण गेले, १ जुलै २०२३, मध्यरात्रीनंतर. वैजापूरजवळ मिनी बस ट्रकवर आदळून १२ जण गेले, १५ ऑक्टोबर २०२३, मध्यरात्र. नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली बस ट्रकला धडकून जळाली, १२ मृत्यू, ८ ऑक्टोबर २०२२, पहाट. शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे बीडकडून मुंबईला बैठकीला येताना मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर माडप बोगद्याजवळ गेले, १४ ऑगस्ट २०२२, तीही पहाटच. प्रत्येकाचं कारण वेगळं असेल, पण घड्याळ सारखंच आहे.

मग करायचं काय, तर रात्री नऊ-साडेनऊला सरळ झोपा आणि पहाटे साडेचार-पाचला निघा. झोप पुरी झालेली असते, तासाभरात उजाडतं, ट्रॅफिकही कमीच असतं. दुपारी जेवण झाल्यावर दोन ते चार हा दुसरा धोक्याचा टाइम, त्या वेळेला गाडी दुसऱ्याच्या हातात द्या नाहीतर जेवून अर्धा तास पडा. दर दोन तासांनी उतरायचंच, लघवीला लागली नसली तरी.

झोप येतेय हे कळतं कसं? मागचे दोन-तीन किलोमीटरचे बोर्ड आठवत नाहीत, जांभया थांबत नाहीत, गाडी हळूहळू पट्ट्यावर सरकते आणि अचानक सावरता, किंवा उगाच वेग कमी-जास्त व्हायला लागतो. यातलं एक जरी झालं तरी डुलकी आलेलीच आहे असं धरा. खिडकी उघडणं, तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखू, यांनी पाच-दहा मिनिटं ढकलली जातात फक्त. खरं चालतं ते एवढंच, पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात गाडी लावायची, कडक चहा-कॉफी प्यायची आणि लगेच २० मिनिटं झोपायचं, कॅफिनचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो त्यामुळे उठता तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, तीन सेकंद पेंगलात तर ८० मीटर रस्ता डोळे मिटून काटला.

अजून दोन बारीक गोष्टी. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, सेट्रिझिनसारख्या, झोप आणतात, प्रवासाच्या दिवशी ड्रायव्हरने घ्यायच्या नाहीत. आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, झोप येत असेल तर मागे जायचं आणि जागं राहणाऱ्याला पुढे बसवायचं. ड्रायव्हरशी बोलत राहणं हे पण कामच आहे.

समृद्धीबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर, पहिला नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे जून २०२५ मध्ये. कारला १२० ची परवानगी. रस्ता सरळ, गाव नाही, सिग्नल नाही, आडवं येणारं कोणी नाही, आणि हाच त्याचा त्रास आहे कारण डोळे उघडे असतात पण डोकं बंद पडतं. अशा रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच वेगात ठेवणारी सोय) लावून पाय मोकळे सोडून बसलं की अजूनच सुन्न व्हायला होतं. तिकडे मुद्दाम दर दीड तासाला इंटरचेंजला किंवा पंपावर उतरा, आरसे बघत राहा, वेग थोडा बदलता ठेवा.

आणि घाईचा हिशोब एकदा मांडूनच बघा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साधारण ९४ किलोमीटर. सगळा १०० ने काटला तर ५६-५७ मिनिटं, सगळा १२० ने काटला (जो काटता येत नाही, मधे घाट आहे) तर ४७. दहा मिनिटं वाचतात, आणि ती टोलनाक्यावर किंवा वाकडला उतरल्यावर जातात.

टायर

टायर फुटून गाडी डिव्हायडर ओलांडून गेली ही बातमी उन्हाळ्यात हमखास येते आणि लोकांना वाटतं हवा जास्त झाली म्हणून फुटला असेल. बहुतेक वेळा उलटं असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते-सुटते, त्यातून उष्णता वाढते, वरून ऊन, तापलेला काँक्रीट रस्ता, पाच माणसं आणि डिकीभर सामान, तासभर सलग १०० च्या वर, मग तो आतून सुटतो. त्यामुळे "उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमीच ठेवा" हा पंक्चरवाल्याचा सल्ला घेऊ नका.

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीला किती हवा ते वेगळं दिलेलं असतं, तेवढी भरा, आणि गाडी थंड असताना, म्हणजे घराजवळच्या पंपावर. रस्त्यात गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा २३२१ असेल तर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसत असली तरी पाच-सहा वर्षं झालेला टायर घेऊन समृद्धीवर जायचं नाही, बाजूला बारीक चिरा किंवा फुगवटा दिसला तर वर्ष पण बघू नका, बदला. स्टेपनीची हवा आठवणीने बघा, आणि स्टेपनी बारीक वाली असेल तर तिच्यावर ८० च लिहिलेलं असतं, ती लावून नागपूर गाठायला जाऊ नका.

चालू गाडीत टायर फुटलाच तर माणूस करतो काय, दचकून कचकन ब्रेक मारतो आणि गाडी गर्रकन फिरते. ब्रेक नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवायचं, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, गाडी स्वतःहून ५०-४० वर येऊ द्यायची आणि मग कडेला घ्यायची. हे घरी बसून डोळ्यासमोर दोन-तीनदा आणून ठेवा, त्या क्षणाला आठवायला वेळ नसतो.

मागच्या सीटचा बेल्ट

टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गेले. गाडी भारी, एअरबॅग भरपूर, आणि ते मागच्या सीटवर होते, बेल्ट न लावता. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी मागे बेल्ट लावले, मग परत सीटकव्हरच्या खाली.

मागे बसलेल्याला बेल्ट नसेल तर गाडी थांबते पण तो थांबत नाही, ज्या वेगात गाडी होती त्याच वेगात पुढच्या सीटवर जाऊन आदळतो. म्हणजे स्वतः तर जातोच, पण पुढे बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेला माणूस मागच्याच्या वजनाने चेपतो. आई मागे, वडील पुढे, हे चित्र डोळ्यासमोर आणा म्हणजे "मागे काय होतंय" हा वाद बंद होईल. आणि एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही, बेल्ट नसताना ती ज्या जोरात उघडते त्याने मान मोडू शकते.

२०२२ मध्येच देशभरात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण गेले, त्यातले ८,३३१ ड्रायव्हर नव्हते, प्रवासी होते. कायद्याने मागे पण बेल्ट लावणं बंधनकारकच आहे, दंड हजार रुपये, पण दंडासाठी कोणी लावत नाही हे आपल्याला माहितीये.

करायचं ते सोपं आहे. निघायच्या आदल्या दिवशी सीटकव्हरखाली गाडलेली बक्कलं उकरून वर काढा, मधलं पण. बीप बंद करायला खोटी बक्कल लावली असेल तर ती आधी कचऱ्यात टाका. आणि सगळ्यांचा खटका ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आजी कुरकुरली तरी. "पोट दुखतं" म्हणतील, तर खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर घ्यायचा, गरोदर बाईने पण तसाच, पोटाच्या खालून.

लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणं हा प्रकार प्रेमापोटी होतो आणि फार वाईट आहे. ५० च्या वेगात धडक बसली तर दहा किलोचं पोर त्या क्षणाला काहीशे किलोच्या जोराने हातातून सुटतं, कोणत्याही आईबापाला धरता येत नाही. चाइल्ड सीट घ्या, हल्ली नवीन गाड्यांत मागच्या सीटला आयसोफिक्सची, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायची, कडी असते त्यात बसते. महाग वाटते, पण आपण सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिमवर त्याच्यापेक्षा जास्त घालवलेले असतात.

उभा ट्रक

यावर जरा थांबतो कारण आपल्याकडच्या हायवेवरचा सगळ्यात क्रूर अपघात हाच आहे. पंक्चर झालेला, डिझेल संपलेला, किंवा ड्रायव्हर झोपलाय म्हणून कडेला, कधी कधी चक्क लेनमध्येच उभा केलेला ट्रक, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि इशारा म्हणून फार तर दोन दगड आणि झाडाची फांदी.

१०० च्या वेगात समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद, म्हणजे ३०-४० मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर दाबून ब्रेक मारला तरी अजून ५०-६० मीटर. एकूण ८० ते १०० मीटर, पावसात त्याहून बरंच जास्त. आणि आपला डिपर, म्हणजे लो बीम, किती लांबचं दाखवतो, ५०-६० मीटर. म्हणजे अंधारात लो बीमवर १०० ने जाताना ट्रक दिसेल तेव्हा गाडी थांबणं शक्यच नसतं, तुम्ही कितीही सावध असा. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यानंतरचं अंतर चौपट होतं, आणि लाइट मात्र तेवढंच लांब दाखवतो, म्हणून रात्रीचे ८० आणि दिवसाचे ८० एक नाहीत.

त्यात कार ठोकते ती ट्रकच्या चाकाला नाही, हौद्याच्या कडेला. बंपर, बॉनेट खाली घुसतं आणि लोखंडी कड सरळ काचेच्या उंचीवर येते, एअरबॅग पण धड कामाला येत नाही. म्हणून या अपघातात पुढचे दोघं वाचणं कठीण.

यावर उपाय तीन. रात्री समोर गाडी नसेल तर अप्पर, म्हणजे हाय बीम, लावा आणि समोरून कोणी आलं, किंवा पुढे कोणी असेल तर डिपर, आणि डिपरवर असताना वेग ७०-८० च्या आत. दुसरं, रात्री अगदी डावी लेन आणि शोल्डर, म्हणजे लेनच्या बाहेरची कडेची पट्टी, सोडून चाला, उभी वाहनं तिथेच असतात, डावीकडून ओव्हरटेक तर अजिबात नाही. आपल्याकडे ट्रकवाले उजवी लेन सोडत नाहीत म्हणून सगळे डावीकडून घुसतात हे खरं आहे, चीड येते, पण हॉर्न आणि अप्पर-डिपर देऊन थांबा, तो ट्रक बाजूला होईपर्यंत दोन मिनिटं जातील. तिसरं, पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर, पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा, त्याच्या आत तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. तुमच्या पुढचा शेवटच्या क्षणाला बाजूला सटकला आणि समोर उभा ट्रक, हे असंच होतं.

आता आपलीच गाडी बंद पडली तर? जमेल तितकी शोल्डरच्याही बाहेर काढा, चारही इंडिकेटर चालू, आणि पहिलं काम म्हणजे सगळ्यांना उतरवून क्रॅश बॅरियरच्या पलीकडे उभं करणं. गाडीत बसून मेकॅनिकची वाट बघायची नाही, गाडीच्या मागे उभं राहून डिकीत शोधाशोध पण नाही. लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे, एक्सप्रेसवेवर १०० मीटर, आणि तो ठेवायला जाताना बॅरियरच्या बाहेरून चालत जा. "जरा लघवीला" म्हणून शोल्डरवर थांबणारे रोज दिसतात, तसं करू नका एवढंच.

घाट

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर ओव्हरटेक नाही, हॉर्न वाजवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत असून केलं जात नाही ते म्हणजे उतरताना गिअर. जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आहे, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक अधूनमधून लागतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. वास आला की सुरक्षित जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, वरून पाणी ओतू नका.

न्यूट्रल करून उतरणं म्हणजे तर कळसच. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने जवळपास ४८ गाड्या उडवल्या, आणि ब्रेक फेल नव्हते, कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती असं तपासात पुढे आलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मिळणारी मदत बंद, स्टिअरिंग जड. आणि गंमत म्हणजे आजकालच्या कारमध्ये गिअरमध्ये ठेवून पाय सोडला की इंधन जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. वाचत काहीच नाही.

ऑटोमॅटिक असेल तर एल, एस किंवा मॅन्युअल मोड असतो तो उतारालाच दिलाय, वापरा. बोरघाटात उतरताना कारला ६० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे ब्रेक गेलेला कंटेनर मागून येऊ शकतो, म्हणून ट्रकच्या बरोबर पुढे-पुढे रेंगाळू नका, दोन ट्रकच्या मधे तर अजिबात नको. बोगद्यात शिरताना गॉगल काढा, हेडलाइट लावा, डोळ्यांना दोन-तीन सेकंद काहीच धड दिसत नाही. इगतपुरीजवळचा समृद्धीचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे, आत लेन बदलायची नाही.

हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागल्यावर

इथे समोरासमोर धडका. तुम्ही ८०, समोरचा ८०, दोघांमधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने संपतंय. सिंगल रोडवर ओव्हरटेक करताना "जाईल की" वाटलं तर नाही जायचं, पूर्ण मोकळा रस्ता दिसला तरच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात ऊस वाहणारे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागे एक लाइट नाही आणि पुढे गाणी इतकी मोठी की तुमचा हॉर्न त्याच्यापर्यंत पोचत नाही. अंधारात दोन ट्रॉल्या म्हणजे किती लांब हे कळतच नाही, एक समजून ओव्हरटेकला निघता आणि मधेच समोरून एसटी. कारखान्याच्या पट्ट्यात रात्री ५०-६०, बस. शेतकरी, ट्रॅक्टरवाले कोणी हे वाचत असेल तर ट्रॉलीला मागे आणि बाजूला रिफ्लेक्टर पट्ट्या लावा, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे.

गावाच्या फाट्यावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचाच, डिव्हायडरच्या तुटलेल्या जागेतून दुचाकी येतेच, त्यावर तिघं असतात, रॉंग साइडने पण येतात. चूक त्यांची असली तरी पाय आपण काढायचा. आषाढीच्या आधी दिंड्या असतात, पहाटे अंधारात चालतात, तेव्हा आळंदी-देहू-पंढरपूरच्या बाजूचे रस्ते टाळता आले तर टाळा. मुंबई-गोवा हायवेला डायव्हर्जन अचानक येतं आणि चार पदरी रस्ता एकदम दोन पदरी होतो, समोरची वाहनं आपल्याच बाजूला, त्यामुळे तिकडे मोकळा नवीन काँक्रीट लागला म्हणून दाबायचं नाही.

बाइकवरून कोकणात जाणाऱ्यांना एवढंच, हेल्मेट आयएसआयचं घ्या आणि पट्टा लावा, पट्टा न लावलेलं हेल्मेट आधी उडतं आणि मग माणूस. मागच्याला पण हेल्मेट. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. साडी-ओढणी चाकात जाते, आवरून बसा, पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही म्हणून पुढच्या चारचाकीच्या चाकाच्या मागे-मागे चाला.

दारूबद्दल लिहायला नको खरं तर. रक्तात १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा, पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लग्नाच्या आदल्या रात्री भरपूर झाली असेल तर सकाळी आंघोळ करून ती उतरत नाही, दुपारपर्यंत गाडी दुसऱ्याने चालवायची.

ट्रॅव्हल्सने जाणार असाल तर

सिंदखेड राजाच्या बसमध्ये जे वाचले ते काच फोडून बाहेर आले, कारण बस दरवाजाच्या बाजूवरच उलटली होती. म्हणून बसमध्ये चढल्यावर चप्पल काढायच्या आधी बघा, इमर्जन्सी दरवाजा कुठे, त्याच्या पुढे सामान किंवा एक्स्ट्रा सीट टाकलीय का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का. नसेल तर क्लीनरला विचारा, चारचौघांसमोर मोठ्याने विचारा. काच मधोमध नाही, कोपऱ्याला मारली की फुटते. दुसरा ड्रायव्हर आहे का तेही विचारा, रात्रभराच्या रूटला एकच असेल तर पुढच्या वेळी दुसरी कंपनी. मोबाइल आणि पाकीट खिशात ठेवा म्हणजे पळताना बॅग शोधत बसणार नाही.

अपघात दिसला किंवा झाला तर

आधी आपली गाडी पुढे, लांब लावा, नाहीतर मागून येणारा दोन्हींवर चढतो. ११२ किंवा १०८, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ पण. बाजूचा किलोमीटरचा दगड किंवा बोर्डवरचा आकडा वाचून सांगा, मुंबईकडे जाणारी बाजू की नागपूरकडे हेही, नुसतं "समृद्धीवर" म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स सापडत नाही. आग नसेल, पाणी नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नका, मान हलू देऊ नका. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, काढून काढून बघू नका. पाणी पाजायचं नाही, आपल्याकडे सगळे पहिल्यांदा बाटलीच पुढे करतात, पण पुढे ऑपरेशन लागलं तर तेच नडतं, बेशुद्ध असेल तर श्वासनलिकेत जातं.

पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून लोक थांबत नाहीत, तर ते जुनं झालं आता. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम, १३४-अ, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलंय. हॉस्पिटलात पोचवलंत की तुम्ही निघू शकता, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, पैसे भरायची नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. गंभीर जखमीला पहिल्या तासात हॉस्पिटलात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारच्या राह-वीर योजनेत २५ हजार रुपये मिळतात. आणि जखमीसाठी २०२५ पासून कॅशलेस योजना आहे, अपघातानंतर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत, जखमीकडे विमा आहे की नाही हे न बघता. काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं तर ही कॅशलेस योजना आहे हे ठणकावून सांगा, आणि नातेवाईक पोचेपर्यंत जखमीचा मोबाइल चालू ठेवून पोलिसांकडे किंवा नर्सकडे द्या, घरचे त्याच नंबरवर फोन करत असतात.